माळवद, माळा आणि माडी

“घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून” अशी एक जुनी म्हण आहे. जुन्या घरावर नवी खोली चढविण्याचा संकल्प ज्या गृहस्थानें केला, त्यानें हीं दोन्ही कार्यें एकदम अंगावर घेतलीं असें समजावें; कारण अशा खोलीचा विचार बहुधा घरांत लग्न ठरल्यावरच सुरू होतो. मोकळ्या जमिनीवर नवें घर बांधणाऱ्यास जमीन आणि स्वतःची ऐपत यांचाच विचार करावा लागतो. जुन्या घरावर चढणाऱ्यास मात्र मागच्या तीन पिढ्यांनीं केलेल्या बांधकामाचा कौल घ्यावा लागतो, आणि तें बांधकाम मुकें असतें. तें बोलतें तें भेगांनीं, ओलींनीं आणि वाळवीच्या मातीनें. ही भाषा ज्याला वाचतां येत नाहीं, त्यानें ती वाचणाऱ्या जाणत्यास आधीं घरीं बोलवावें, हेंच या विषयाचें पहिलें सूत्र आहे.

सोलापुरांत अशा संकल्पाचीं कारणें उघड आहेत. १८७७ सालीं येथें कापडगिरणी सुरू झाली, पाठोपाठ आणखी गिरण्या आल्या, हातमाग आणि पुढें यंत्रमाग वाढले, आणि उत्तर कसबा, दक्षिण कसबा, शुक्रवार पेठ, साखर पेठ अशा वस्त्यांत घराला घर लागून उभें राहिलें. भावाभावांच्या वांटण्या झाल्या. एका कुटुंबाचा वाडा तिघांचा झाला. बाजूला सरकावें तर शेजाऱ्याची भिंत, मागें सरकावें तर परस उरलेला नाहीं. तेव्हां नजर साहजिकच वर जाते. थोरल्या मुलाचें लग्न व्हावयाचें आहे, धाकटी मुलगी दहावीच्या अभ्यासाला कोपरा शोधीत आहे, आजोबांना दुपारीं पडावयास शांत जागा हवी आहे, आणि डोक्यावर एवढी जागा रिकामी पडली आहे! मग ती कामास कां आणूं नये, हा प्रश्न रास्तच आहे.

वरची ही जागा सोलापुरांत मुख्यतः दोन प्रकारची असते. पहिला प्रकार माळवदाचा. दगडामातीच्या जाड भिंती, आंत खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या किंवा बारीक काठ्यांचा थर, त्यावर पाला, आणि सर्वांच्या वर पांढऱ्या मातीचा चोपून बसविलेला थर, असें हें सपाट छप्पर. उजेडासाठीं आणि धूर जाण्यासाठीं त्यांत सवणें ठेवलेलें असे. पाऊस कमी आणि ऊन फार अशा या प्रदेशाला तें शोभून दिसे आणि मानवतहि असे. दुसरा प्रकार पत्र्याच्या घरांचा. उतरत्या पत्र्याखालीं फळ्यांचा माळा घातलेला असतो, आणि त्यावर लग्नांतील मोठीं पातेलीं, पाळणा, जादा गाद्या, ज्वारीचीं पोतीं आणि गणपतीचें मखर हीं वर्षानुवर्षें नांदत असतात. मागवाल्यांच्या कित्येक घरांत तर खालीं माग आणि वर माळा, अशीच मांडणी आढळते.

येथें एक भेद आरंभींच लक्षांत घ्यावा. राष्ट्रीय इमारत संहितेनें माळ्याची जी व्याख्या केली आहे, तींत माळ्याची उंची जास्तींत जास्त दीड मीटर, म्हणजे सुमारें पांच फूट, आणि त्याचा उपयोग सामान ठेवण्यापुरता, असें म्हटलें आहे. मनुष्यानें राहावयाच्या खोलीस उंची २.७५ मीटर, म्हणजे सुमारें नऊ फूट असावी आणि छप्पर उतरतें असेल तर सरासरी तेवढी पडावी, अशी अपेक्षा आहे. तात्पर्य, कायद्याच्या दृष्टीनें माळा ही वस्तूंची जागा आहे आणि खोली ही माणसांची. माळ्याची खोली करणें म्हणजे झाडलोट करून वर खाट टाकणें नव्हे. त्या जागेचा दर्जा बदलणें होय. दर्जा बदलला कीं भार, उजेड, वारा, जिना, परवाना हे सर्व प्रश्न नव्यानें सोडवावे लागतात.

यांत पहिला विचार व्हावा तो भाराचा. एक घनफूट मातीचें वजन साधारणपणें ४५ ते ५० किलो भरतें. दहा फूट बाय बारा फूट अशा खोलीवर दीड फूट जाडीचें माळवद असेल, तर १८० घनफूट माती झाली. म्हणजे कमींत कमी आठ टन. एक भरलेली मालमोटार छपरावर उभी आहे असें समजावें. आणि ही माती एका दिवसांत चढलेली नसते. दर वर्षीं मृगापूर्वीं गळती बंद करण्याकरितां माळवदावर नवी माती टाकून ती चोपण्याची चाल होती. आज्यानें टाकली, बापानें टाकली, मुलानेंहि टाकली. जुनी कोणी काढली नाहीं. अशा रीतीनें एका फुटाचें माळवद दोन फुटांचें होतें, आणि पावसाळ्यांत तें पाणी पिऊन आणखी जड होतें.

या ओझ्याचा हिशेब महाराष्ट्रानें ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पाहिला. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशीं पहाटे चारच्या सुमारास लातूर जिल्ह्यांतील किल्लारीच्या परिसरांत सुमारें ६.२ प्रतीचा भूकंप झाला. विसर्जन आटोपून लोक घरांत निजले होते. औसा आणि उमरगा या तालुक्यांतील गांवेंच्या गांवें कोसळलीं आणि आठ ते दहा हजारांच्या दरम्यान माणसें मृत्यु पावलीं. सोलापूर तेथून सरळ रेषेंत ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटरवर आहे. धक्का येथेंहि जाणवला. भूकंप जगांत याहून मोठे पुष्कळ झाले आहेत. एवढ्या प्रतीच्या भूकंपांत एवढीं माणसें गेलीं, याचें कारण जमिनीपेक्षां घरांत शोधावें लागतें. दगडमातीच्या जाड भिंती फुटल्या, आणि त्यांच्या दगडांखालीं व वरच्या मातीखालीं माणसें गाडलीं गेलीं. त्या वेळच्या नकाशांत हा प्रदेश भूकंपाच्या सर्वांत सौम्य पट्ट्यांत दाखविलेला होता. २००२ च्या सुधारित भारतीय मानकानें तो पहिला पट्टाच रद्द केला, आणि किल्लारीचा परिसर व सोलापूर हीं दोन्हीं तिसऱ्या पट्ट्यांत घातलीं.

ओझें आणि भूकंप यांचा संबंध समजण्यास मोठें गणित लागत नाहीं. डोक्यावर भाजीची जड पाटी घेतलेली बाई आणि रिकाम्या हातांची बाई अशा दोघी बसमध्यें उभ्या आहेत, आणि बसनें एकाएकी धक्का दिला, तर प्रथम कोणाचा तोल जाईल? जमीन आडवी हलते तेव्हां घरावर येणारा जोर घराच्या वजनाच्या प्रमाणांत असतो, आणि वजन जितकें उंचावर, तितका तो जोर घराला अधिक नडतो. म्हणून जुन्या घरावर कांहींहि चढविण्यापूर्वीं, तेथून काय उतरवितां येईल हें पाहावें.

घरोघरीं अशा वेळीं एक संवाद ऐकूं येतो. गवंडी भिंतीवर हात मारून म्हणतो, “मालक, दोन हात जाड भिंत आहे, हत्ती चढवा, हालायची नाहीं.” मालकालाहि तें पटतें, कारण जाड म्हणजे मजबूत असें मनुष्याला वाटतेंच. पण ही भिंत बहुधा एक नसून दोन असतात. बाहेरून दगडांची एक रांग, आंतून दुसरी, आणि मध्यें बारीक दगड व माती यांचें भरताड. या दोन रांगांना एकत्र बांधणारे आरपार दगड घातलेले नसले, तर मधल्या मातीच्या दाबानें बाहेरची रांग हळूहळू फुगूं लागते. यालाच भिंतीला पोट सुटणें म्हणतात. किल्लारीच्या भागांत याच भिंती दोन बाजूंना फाकून पडल्या. म्हणून गवंड्याचें बोलणें खोटें नसलें तरी अपुरें आहे. भिंतीची जाडी विचारण्यापेक्षां तिचे दगड एकमेकांस धरून आहेत कीं नाहींत, हें विचारावें.

ही परीक्षा कांहीं अंशीं गृहस्थासहि करतां येते. ओळंबा सोडून भिंत सरळ आहे कीं झुकली आहे तें पाहावें. हातोडीनें ठोकून कोठें पोकळ आवाज येतो तें टिपून ठेवावें. भेग असेल तर तिच्यावर काचेची पातळ पट्टी सिमेंटनें आडवी चिकटवून तारीख लिहावी. कांहीं महिन्यांनीं काच तडकली, तर भेग जिवंत आहे असें समजावें. तुळईचीं टोकें जेथें भिंतींत शिरतात, तेथें अणकुचीदार दाभण टोंचून पाहावें. ओल आणि वाळवी प्रथम तेथेंच लागते. वरून तेल पाजलेली, काळीशार दिसणारी तुळई टोकाशीं भुसा झालेली आढळते. शेजारीं यंत्रमाग चालत असतील, तर त्यांच्या रोजच्या कंपनानेंहि जुनी माती झडत असते, हें विसरूं नये. एवढें करूनहि अखेरचा निर्णय इमारतींच्या मजबुतीचा अभ्यास केलेल्या अभियंत्याचाच घ्यावा. लग्नाच्या मांडवावर जेवढा खर्च होतो, त्याच्या मानानें अभियंत्याची फी फारच थोडी असते.

भिंत दुबळी ठरली म्हणजे घर पाडलेंच पाहिजे असें नाहीं. किल्लारीच्या भूकंपानंतर पुष्कळ गांवें नव्या जागीं वसविण्यांत आलीं, पण जीं घरें उभीं राहिलीं होतीं, त्यांच्या बळकटीचे उपायहि पुढें आले. त्याच वर्षीं दगडामातीच्या घरांसंबंधीं एक भारतीय मानकहि प्रसिद्ध झालें. भिंतीतून ठराविक अंतरानें एकेक दगड काढून आरपार भोंक पाडावें, त्यांत लोखंडी सळी घालून काँक्रीट भरावें, म्हणजे दोन्ही रांगांस टांका बसतो. खांब आणि तुळई यांच्या कोनांत तिरपे टेके ठोकावे, म्हणजे लांकडी सांगाडा आडव्या धक्क्याला टिकतो. छपराच्या पातळीवर सर्व भिंतींना कवळणारा एक अखंड पट्टा द्यावा. लांकडाच्या जोडणीचें महत्त्व इतरत्रहि दिसून आलें आहे. काश्मीरांत लांकडी चौकटींत दगडविटा भरून केलेलीं ‘धज्जी देवारी’ पद्धतीचीं जुनीं घरें २००५ च्या भूकंपांत पुष्कळ ठिकाणीं तग धरून राहिलीं. सोलापूरच्या वाड्यांतील खणांचा लांकडी सांगाडाहि असाच उपयोगी पडूं शकतो. मात्र त्याचे सांधे पक्के हवेत.

आतां माती उतरवून वर काय चढवावें, याचा जमाखर्च मांडूं. उदाहरणादाखल तीच दहा बाय बारा फुटांची खोली घ्यावी. राहत्या खोलींत माणसें आणि सामान मिळून दर चौरस मीटरला सुमारें २०० किलो भार धरण्याचा नियम आहे. त्या हिशेबानें या खोलीचा चालता भार सव्वादोन टन होतो. फळ्यांची जमीन, हलक्या भिंती आणि हलकें छप्पर मिळून आणखी दोन-सव्वादोन टन धरलें, तरी एकूण साडेचार टन. उतरविलेली माती होती आठ टन. म्हणजे खोली होऊनहि घराचा भार कमीच झाला. याच्या उलट, माती तशीच ठेवून तिच्यावर नऊ इंची विटांच्या भिंती उभारल्या, तर दारें-खिडक्या वजा जातां नुसत्या भिंतींचेंच वजन सुमारें चौदा टन होतें. पांच इंची काँक्रीटचें छत घातलें, तर आणखी साडेतीन टन. सावकाराचें जुनें कर्ज न फेडतां त्याच्याच दारीं नवें कर्ज मागण्यासारखेंच हें आहे. ज्याला विटा आणि काँक्रीटच हवें असेल, त्यानें जमिनीच्या पायापासून नवे खांब घेऊन वरचा भार त्यांच्यावर टाकावा; जुन्या भिंतीवर नव्हे.

येथपर्यंतचा हिशेब घरांतील पुरुषमंडळींस लवकर पटतो. परंतु घरांतील वृद्ध स्त्री मुलाला म्हणते, “अरे, वरची माती उतरवलीस तर उन्हाळ्यांत घराची भट्टी होईल. ह्या मातीनंच आम्हांला आजवर सांवली दिली.” हें बोलणें भोळेपणाचें समजून उडवून लावूं नये. तें शास्त्राला धरूनच आहे. जाड माती दिवसभराचें ऊन पोटांत घेते आणि तें खालीं पोंचेपर्यंत रात्र होते. रात्रीं घरांतलीं माणसें माळवदावर निजावयास गेलेलीं असतात. सोलापुरांत एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर राहतो. शिवाय हें गांव १७.७ अक्षांशावर असल्यामुळें, मे महिन्याच्या १० तारखेच्या सुमारास मध्यान्हीं सूर्य नेमका डोक्यावर येतो. म्हणजे ऐन उन्हाळ्यांत सर्वांत अधिक ऊन झेलणारी वस्तु भिंत नव्हे, छप्पर होय. अशा वेळीं उघडा पत्रा साठ अंशांच्या वर तापतो, आणि त्याखालचें माणूस वाऱ्याच्या पंख्यानेंहि निवत नाहीं, कारण पंखा तीच तापलेली हवा फिरवीत असतो.

छपराखालच्या खोलीची ही उष्णता केवळ गैरसोयीची गोष्ट नाहीं. पॅरिस शहरांत जस्ताच्या पत्र्यांखालीं लहान लहान खोल्या आहेत. पूर्वीं त्यांत मोलकरणी राहत, पुढें विद्यार्थी आणि एकटे वृद्ध राहूं लागले. २००३ च्या ऑगस्टांत फ्रान्सांत उष्णतेची लाट आली आणि सुमारें १५,००० माणसें नेहमींपेक्षां अधिक दगावलीं. त्यांत वृद्धांचाच भरणा होता. पुढें चौकशी झाली तेव्हां, ज्यांची निजण्याची खोली अगदीं छपराखालीं होती, त्यांना धोका अधिक होता असें आढळून आलें. फ्रान्ससारख्या थंड मुलखांत ही स्थिति, तर सोलापुरांत आजोबांची खाट वरच्या खोलींत नेण्यापूर्वीं मुलानें दहादां विचार करावा. नव्या खोलींत तरुणांनीं जावें आणि खालचें जुनें, गार माजघर वडीलधाऱ्यांना मोकळें करून द्यावें. घरांतील जागेची हीच वांटणी न्यायाची आहे.

मग आजीबाईचें म्हणणें आणि अभियंत्याचें म्हणणें यांचा मेळ कसा घालावा? तो घालतां येतो. पहिली गोष्ट अशी, कीं वर खोली झाली म्हणजे ती स्वतःच खालच्या माजघराची छत्री होते. माती करीत होती तें सांवलीचें काम आतां खोली करते. प्रश्न उरतो तो त्या छत्रीच्या कापडाचा. छप्पर दुहेरी करावें. वर पत्रा आणि खालीं फळ्यांची किंवा तत्सम आच्छादनाची तक्तपोशी, आणि दोहोंच्या मध्यें सहा ते नऊ इंच हवा. ही हवा कोंडून न ठेवतां दोन्ही टोकांस जाळीचीं भोंकें ठेवून खेळती करावी. पत्र्यावर बाहेरून पांढरा लेप द्यावा. पांढरा रंग ऊन परतवून लावतो. अहमदाबाद शहरानें २०१० च्या भयंकर उन्हाळ्यानंतर २०१३ सालीं उष्णतेशीं झुंजण्याचा आराखडा तयार केला, आणि २०१७ सालीं गरीब वस्त्यांतील छपरें पांढरीं करण्याचा उपक्रम हातीं घेतला. चुन्याची निवळी आणि कुंचा यांना फारसा खर्च येत नाहीं. हलकें छप्पर मात्र वादळवाऱ्यांत उडण्याची भीति असते. म्हणून तें भिंतीस व खांबांस लोखंडी पट्ट्यांनीं जखडून टाकावें. माती आपल्या वजनानेंच बसून होती. पत्र्याला तें साधत नाहीं.

खिडक्यांचा विचारहि सूर्याकडे पाहून करावा. पश्चिमेच्या भिंतींत मोठी खिडकी ठेवली, तर दुपारचें तिरपें ऊन थेट अंथरुणावर येतें आणि छज्जानें तें अडत नाहीं. दक्षिणेस ठेवली, तर मे महिन्यांत सूर्य माथ्यावर असल्यामुळें लहान छज्जाहि पुरतो, आणि डिसेंबरांत तोच सूर्य खालीं उतरून आंत हवेसें ऊन देतो. उत्तरेची खिडकी अभ्यासाच्या टेबलास उत्तम. कोरड्या, उष्ण हवेच्या प्रदेशांत खिडक्यांचें क्षेत्र जमिनीच्या निदान एकदशांश असावें असा संकेत आहे. १२० चौरस फुटांच्या खोलीस १२ चौरस फूट, म्हणजे दोन फूट बाय तीन फुटांच्या दोन खिडक्या. त्या समोरासमोर असाव्यात, आणि गरम हवा वर चढत असल्यामुळें छपराच्या टोकाशीं एक झरोका असावा. जुन्या माणसांनीं सवणें ठेवलें होतें, तें याचकरितां.

पुष्कळ आराखडे मोडतात ते जिन्यापाशीं. वाड्यांतील जुना जिना भिंतीच्या पोटांत बसविलेला, अंधारा आणि फूटफूट उंच पायऱ्यांचा असे. त्यावरून पोतें नेतां येई. कडेवरचें मूल नेणें धोक्याचें. आजच्या नियमानें पायरीची उंची १९० मिलिमीटरांहून अधिक नसावी, रुंदी २५० मिलिमीटरांहून कमी नसावी, आणि एका दमांत पंधरांहून अधिक उंच्या नसाव्यात. खालच्या जमिनीपासून वरच्या जमिनीपर्यंत दहा फूट अंतर असेल, तर सात इंचांच्या सतरा उंच्या लागतात, आणि दहा इंची सोळा पायऱ्या मिळून तेरा फूट चार इंच लांबी होते. मध्यें विसाव्याची जागा लागते ती वेगळीच. तीन फूट रुंद धरला, तरी असा जिना चाळीस चौरस फूट जागा खातो. म्हणजे बारा फुटी माजघराचा एक तृतीयांश भाग. वर १२० फूट मिळाले असें म्हणणाऱ्यानें खालीं गेलेले ४० फूट वजा करावे, आणि मगच खर्चाला भागावें. शक्य तर जिना ओसरीच्या किंवा चौकाच्या बाजूनें घ्यावा, म्हणजे माजघर अखंड राहतें आणि नव्या सुनेला येतांजातां साऱ्या घराच्या नजरेखालून जावें लागत नाहीं.

न्हाणीघर आणि संडास वर नेण्याचा मोह आवरावा. न्यावयाचेच असल्यास ते खालच्या न्हाणीघराच्या बरोबर माथ्यावर घ्यावेत. ओल ही लांकडाची आणि मातीच्या भिंतीची मोठी वैरीण आहे. सोलापुरांत नळाच्या पाण्याची तूट लोकांनीं वर्षानुवर्षें सोसली असल्यामुळें घरोघरीं पाण्याचा सांठा मोठा असतो. एक हजार लिटरची टाकी भरली म्हणजे एक टन झाली. ती माळवदाच्या मध्यावर कधींहि ठेवूं नये. विजेच्या जुन्या तारा बदलून घ्याव्यात, कारण लांकडी तक्तपोशीमागें लागलेली आग दिसत नाहीं. आणि जिना एकच असेल, तर निदान एक खिडकी अशी असावी, कीं तिच्यांतून शेजारच्या गच्चीवर उतरतां यावें.

कामाचा क्रमहि ठरलेला असावा. प्रथम मिळकतपत्रिकेवरील सर्व नांवें पाहावीं. चुलत्याची किंवा बहिणीची संमति लागत असेल, तर ती लेखी घ्यावी. भिंत सामाईक असेल, तर शेजाऱ्यास आधीं सांगावें. त्याच्या घरांतहि तीच भिंत आहे. नंतर अभियंत्याची तपासणी, मग नकाशा, मग महानगरपालिकेचा परवाना. राज्यांत २०२० सालापासून एकत्रित विकास नियमावली लागू झालेली आहे. तिच्यांत आपली खोली बसते कीं नाहीं, हें विटा येण्यापूर्वीं कळलेलें बरें. छप्पर उघडण्याचा मुहूर्त दिवाळीनंतरचा धरावा. सोलापुरांत सप्टेंबरांत पाऊस जोर करतो आणि परतीचा पाऊस ऑक्टोबरांतहि गांठतो. माती उतरविलेलें घर त्यांत सांपडलें, तर भिंतीची माती विरघळूं लागते. थंडीच्या दिवसांत प्रथम भिंतींचें बळकटीकरण, मग माती उतरविणें, मग सांगाडा, मग छप्पर, असें चालावें. माती उतरवितांना ती सर्व बाजूंनीं सारखी काढावी. एका अंगाला ढीग करूं नये. जुनें घर उघडलें म्हणजे आंत काय निघेल हें सांगतां येत नाहीं, म्हणून अंदाजाच्या एक चतुर्थांशाइतकी रक्कम बाजूला ठेवूनच आरंभ करावा.

एवढें सर्व पाहूनहि कधीं उत्तर नकाराचें येतें. भिंत फुगलेली आहे, तुळया खाल्लेल्या आहेत, भाऊबंद संमति देत नाहींत, किंवा उंचीच पुरत नाहीं. अशा वेळीं हट्ट धरूं नये. खालच्याच घरांत पडदी घालून, निरुपयोगी बळद काढून, सामानाची आवराआवर करून एका माणसाची जागा पुष्कळदां निघते. मुलाला भाड्याची वेगळी खोली पाहून देणें यांतहि कमीपणा नाहीं. पण एक काम मात्र खोली होवो अगर न होवो, प्रत्येक माळवदाच्या घरानें करावें. वर चढून एका कोपऱ्यांत खणून पाहावें, कीं डोक्यावर माती आहे तरी किती. आणि दर वर्षीं नवी टाकण्याऐवजीं, जाणत्याच्या सल्ल्यानें, जुनी जादा माती आधीं उतरवावी. पाऊस रोखण्याकरितां जिचा एवढा थर चढविला, ती माती उतरवून तिच्या जागीं जलरोधक लेपाचा पातळ थर देतां येतो.

वर खोली झाल्यास तिच्यापुढें अर्धी गच्ची मोकळी ठेवावी. उन्हाळ्याच्या रात्रीं साऱ्या घरानें चटया टाकून माळवदावर निजावें, मुलांनीं चांदण्या मोजाव्या आणि पहाटेच्या गार वाऱ्यानें पांघरूण ओढून घ्यावें, हें सोलापूरच्या घराचें खरें वैभव होतें. नव्या खोलीसाठीं तें सगळेंच देऊन टाकणें परवडणारें नाहीं. घराची वाढ चौरस फुटांत मोजतात. पण त्या घरांत पहाटे चार वाजतां माणसें निर्धास्त निजूं शकतात कीं नाहीं, यावरच तें घर मोठें कीं लहान तें ठरतें.